सात माणसांच्या घरासाठी टोस्टर: दोन स्लाइसचा घ्यावा की चार स्लाइसचा?

रामबागची सून, इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न टोस्टरचा आहे, पण आमची सकाळ कशी असते ते सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रामबागेत आमचं जुनं घर आहे. माणसं सात: सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर आणि दोन मुलं. मुलांची व्हॅन ७ वाजून ५ मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी येते. ह्यांची पीथमपूरची बस सव्वासातला. मी शाळेत शिकवते, मला साडेसातला निघावंच लागतं. दीर पावणेआठला उठून येतात. सगळी पांगापांग झाली की आठच्या सुमाराला सासरे पेपर घेऊन टेबलाशी बसतात. बुधवारी आणि रविवारी पोहे असतात (इंदूरला राहून पोहे नाहीत असं कसं होईल), बाकीचे पाच दिवस ब्रेड. माणशी दोन धरले तर १४ स्लाइस.

आमची शेगडी तीन बर्नरची. एकावर चहा, दुसऱ्यावर डब्याची भाजी, तिसऱ्यावर पोळ्या. टोस्टसाठी तवा ठेवायला जागाच उरत नाही. जुना टोस्टर माझ्या लग्नात आलेला, १३ वर्षं बिनबोभाट चालला. गेल्या महिन्यात एक स्लाइस वाकडा होऊन आत अडकला, धूर यायला लागला आणि सासूबाईंनी घाईघाईत स्टीलच्या सुरीने तो उचकटायला घेतला. जोराचा झटका बसला. सुरी हातातून उडाली, कोपरापर्यंत झिणझिण्या, आणि चेहरा असा पांढरा पडला की मुलगी रडायलाच लागली. पुढे काही झालं नाही, देवाची कृपा. त्या दिवशी टोस्टर पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकला. आता नवीन घ्यायचाय, आणि ह्या वेळी नीट विचार करून घ्यायचाय.

माझी खरी काळजी सासऱ्यांची आहे. त्यांचा हात थरथरतो, दातांची कवळी आहे, म्हणून टोस्ट हलकाच भाजलेला लागतो. पण स्वतःचा टोस्ट ते स्वतःच करतात. मी घाईत असले तरी “करून ठेवू का बाबा?” म्हणून विचारते, तर म्हणतात, “एवढं एक काम माझ्याकडे राहू दे.” जुन्या टोस्टरमध्ये लादीच्या टोकाचा लहान स्लाइस वरपर्यंत यायचा नाही आणि ते खाचेत बोटं घालायचे. सासूबाईंना झटका बसला त्या दिवसापासून मला तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं.

तर विचारायचं ते हे: दोन स्लाइसचा पुरेल की चारचाच घ्यावा? बाहेरून स्टीलचा बरा की प्लॅस्टिकचा? हल्ली डिफ्रॉस्ट, रीहीट अशी पुष्कळ बटणं असतात, त्यातलं कामाचं काय? ओट्याजवळ मिक्सरचा साधा पाच अँपिअरचा बोर्ड आहे, जाड पिनेचा पॉवर पॉइंट एकच आहे आणि त्यावर फ्रिज आहे.

सुदामा नगरच्या काकू

अगं, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांग. झटका बसल्यावर माणूस दोन-तीन दिवस मनातून घाबरलेलं राहतं, त्यांना इतक्यात विजेच्या वस्तूजवळ जायला लावू नकोस.

मी तव्याच्या बाजूची आहे, लपवत नाही. बिडाचा डोशाचा तवा असेल तर त्यावर एका वेळी चार स्लाइस बसतात. तवा आधी चांगला तापू द्यायचा, मग आच मंद करायची, तुपाचं बोट फिरवायचं, स्लाइस टाकून वरून सपाट बुडाच्या वाटीने अलगद दाबायचं. कडा आधी लाल होतात, मधला भाग मागून. त्या तुपाच्या वासाने आमच्याकडे झोपलेलं माणूस उठतं. टोस्टरचा टोस्ट कोरडा. त्यावर नंतर लोणी लावलं तरी ते वर वरच राहतं, तव्यावरचं तूप आत जातं.

पण तुझे तिन्ही बर्नर अडकलेले आहेत हे वाचलं आणि समजलं. सकाळी साडेसहाला चौथी आच कुठून आणायची? तेव्हा घे टोस्टर. एक मात्र बघ, वर पाव गरम करायची जाळी येते काही टोस्टरना. आमच्या घरी लादी पाव आणि बनमस्का दोन्ही लागतं आणि फुगीर पाव खाचेत जात नाही. कोंबला तर अडकतोच. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेव, लोणी लावलेला ब्रेड टोस्टरमध्ये कधीही घालायचा नाही. लोणी तापलेल्या तारेवर गळतं आणि पेट घेतं. माझ्या भाचीकडे असा भडका उडालेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

दांडिया बाजार, बडोदे

आमच्याकडे चार स्लाइसचा आहे, तीन वर्षं झाली. टोस्टरबद्दल तक्रार नाही. तक्रार माझ्या घरच्या वायरिंगची होती आणि ती तुमच्याही घरी होऊ शकते म्हणून लिहितो.

दोन स्लाइसचा टोस्टर साधारण ७५० ते ८५० वॅटचा असतो. चारचा १,४०० ते १,५०० च्या आसपास जातो. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट. आपण पाच अँपिअरचा म्हणतो त्या साध्या पॉइंटची मर्यादा हल्ली ६ अँपिअर धरतात, म्हणजे २३० गुणिले ६, १,३८० वॅट. चारचा टोस्टर त्या मर्यादेच्या बाहेर जातो. मी हा गुणाकार केलाच नव्हता. जाड पीन साध्या बोर्डात बसेना म्हणून बाजारातून एक जोडपीन आणली आणि लावून मोकळा झालो. पंधरा-वीस दिवसांनी स्वयंपाकघरात प्लॅस्टिक जळाल्याचा वास यायला लागला. जोडपीन काढायला गेलो तर हाताला चटका बसला, बोर्डाचं एक भोक तपकिरी होऊन वितळलं होतं. आत तारेवरचं आवरण कडक होऊन तुकडे पडत होते.

त्यानंतर वायरमनकडून मीटरपासून वेगळी अडीच एमएमची तार ओढून १६ अँपिअरचा पॉइंट करून घेतला. टोस्टरच्या किमतीएवढाच खर्च तिथे झाला. तुमच्याकडे एकच पॉवर पॉइंट आहे आणि त्यावर फ्रिज आहे. तेव्हा चारचा घेणार असाल तर आधी पॉइंट करून घ्या आणि मग टोस्टर आणा. उलट क्रमाने करू नका.

जुना कारागीर, इंदूर

ताई, ३० वर्षं मालवा मिलच्या भागात मिक्सर, इस्त्री, टोस्टर दुरुस्त करत होतो. आता दुकान मुलगा बघतो. तुमचं वाचलं आणि राहवलं नाही.

आधी झटक्याचं बोलतो, कारण नवा टोस्टर आणूनही ते कारण घरात तसंच राहू शकतं. टोस्टरच्या आत अभ्रकाचे पातळ पत्रे असतात आणि त्यांच्याभोवती चपटी तार गुंडाळलेली असते. ती उघडीच असते, तिच्यावर काही आवरण नसतं. चालू असताना तिला सुरी लागली तर झटका बसणारच. पण टोस्टर बंद झाल्यावरही काही वेळा तिच्यात वीज असते. टोस्टरचा आतला स्विच एकाच तारेवर असेल आणि तुमच्या बोर्डात फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले असतील, तर दांडा वर आला तरी तार जिवंत राहते. जुन्या घरांत असे उलटे बोर्ड मी कितीतरी पाहिले आहेत. तेव्हा पहिलं काम, वायरमनला बोलावून तो बोर्ड आणि अर्थिंग तपासून घ्या. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी नसेल तर बसवून घ्या. अंगातून वीज जायला लागली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. टोस्टरमध्ये काही अडकलं तर आधी बटण बंद, मग पीन बाहेर, मग थंड होऊ द्यायचं, आणि त्यानंतर उलटा करून हलवायचा. नाहीच पडलं तर लाकडी चिमटा. सुरी, काटा, उलथनं, काहीही धातूचं नाही.

आता ती तार. ती नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमची. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि त्यानंतरच घरोघरी चालणारे टोस्टर शक्य झाले. त्याआधी साधी तार लाल होऊन लवकर जळून जायची. नायक्रोम लाल होते पण हवेत जळत नाही, अंगावर स्वतःचंच एक पातळ कवच धरते. माझ्या दुकानात तुटलेल्या तारेचे जे टोस्टर आले त्यातले बहुतेक कुणीतरी काटा खुपसून तोडलेले होते. आपल्याआप तुटलेली तार क्वचितच दिसली.

दांडा खाली दाबला की स्प्रिंग ताणली जाते, तळाशी पितळी पट्ट्या चिकटतात, वीज सुरू होते आणि एक बोटभर विद्युतचुंबक लोखंडी चकतीला धरून ठेवतो. वेळ भरली की टायमर चुंबकाची वीज तोडतो, स्प्रिंग सुटते, ब्रेड वर येतो. हल्लीच्या टोस्टरमध्ये वीज नसेल तर दांडा खाली राहतच नाही. पुष्कळ लोक तेवढ्यावरून टोस्टर बिघडला समजून घेऊन यायचे, आणि घरी फक्त बोर्डाचं बटण बंद असायचं. खरा बिघाड बहुतेक वेळा चुंबकाच्या तोंडाशी सापडायचा. एखादा टोस्टर उघडला की त्या गुळगुळीत लोखंडावर तिळाएवढा ब्रेडचा चुरा बसलेला, करपून काळा झालेला. तेवढ्या कणाने चकती नीट चिकटत नाही आणि दांडा सुटून येतो. मऊ कापडाने पुसलं की टोस्टर ठणठणीत.

दुसरा शत्रू झुरळ. टोस्टर ऊबदार असतो, आत चुरा असतो, झुरळाला आणखी काय पाहिजे? टायमरच्या छोट्या सर्किटवर जाऊन बसतं, दोन टाके जोडले जातात आणि सर्किट जळतं. म्हणून खालचा चुऱ्याचा ट्रे बाहेर ओढता येणारा हवाच, आणि तो रोज रात्री रिकामा झाला पाहिजे. आठवड्यातून एकदा नव्हे, रोज. थंड झाल्यावर वर झाकण ठेवायचं. गरम असताना झाकायचं नाही.

बटणांचं विचारलंत. मधेच थांबवायचं, कॅन्सलचं बटण हवंच हवं. डिफ्रॉस्ट तुम्ही ब्रेड फ्रीजरमध्ये ठेवत असाल तरच. ठेवत जा, पावसाळ्यात बाहेर ब्रेडला तीन दिवसांत बुरशी येते आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तो लवकर वातड होतो. फ्रीजरमधला स्लाइस तसाच थेट टोस्टरमध्ये टाकता येतो. रीहीट फारसं कुणी वापरत नाही. भाजणी कमी-जास्त करायच्या बाहेरच्या चकतीवरचे १ ते ६ किंवा ७ हे आकडे मिनिटं नव्हेत. एका कंपनीचा ३ आणि दुसरीचा ३ सारखा भाजत नाही. मिल्क ब्रेडमध्ये साखर आणि दूध जास्त, तो लवकर लाल होतो, त्याला एक आकडा कमी ठेवायचा. आणि पहिला घाणा झाल्यावर आतला भाग तापलेला असतो, दुसऱ्या घाण्याला त्याच आकड्यावर रंग जास्त चढतो. अर्धा आकडा मागे घ्यायचा.

स्टील की प्लॅस्टिक? स्टीलचं अंग चांगलंच तापतं. थरथरत्या हातासाठी मी प्लॅस्टिकचा, ज्याला कूल टच म्हणतात तो घेईन.

दोन की चार, ह्याचं उत्तर मी देणार नाही, तुमच्या घरातच आहे. एक आठवडा ओट्याशी कागद लावा. कुणी, किती वाजता, किती स्लाइस खाल्ले एवढंच लिहा. १४ हा आकडा तुम्ही माणसं मोजून काढलाय. टोस्टर घड्याळ बघून घ्यायचा असतो.

लष्कर, ग्वाल्हेर

काका, मधेच एक विचारतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत टोस्ट ताटलीत ठेवेपर्यंत गार होतो. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) घेतला तर एकदम सहा-आठ स्लाइस होतील आणि आत गरमही राहतील, असं घरच्यांचं मत आहे. टोस्टरऐवजी तोच घ्यावा का?

जुना कारागीर, इंदूर

केक, नानकटाई, पिझ्झा करणार असाल तर ओटीजी जरूर घ्या. नुसत्या सकाळच्या ब्रेडसाठी नको. तो तापायलाच आठ-दहा मिनिटं घेतो आणि ब्रेडला लाल करता करता वाळवूनही टाकतो. टोस्टरची तार स्लाइसपासून बोटभर अंतरावर असते, म्हणून वरचा पापुद्रा झटकन भाजतो आणि आतला भाग मऊ राहतो. खर्चही बघा. ८०० वॅटचा टोस्टर तीन मिनिटं चालला तर ०.०४ युनिट. दिवसाला सहा घाणे म्हणजे पाव युनिटसुद्धा नाही. गार होण्यावर सोपा उपाय सांगतो, ताटली आधी गरम पाण्याने विसळून पुसून घ्या.

रामबागची सून, इंदूर

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. फ्रिजच्या दारावर कागद लावला, दोऱ्याला पेन बांधलं. आठवडाभर प्रत्येकाने आपापलं लिहिलं, मुलांना तर त्यात भारीच रस होता.

मला वाटलं होतं त्यापेक्षा सगळं वेगळं निघालं. मुलगी एकच स्लाइस खाते, दुसरा गेले कित्येक महिने ती दिराच्या ताटलीत सरकवतेय आणि मला पत्ता नव्हता. मुलगा घरी एक खातो. त्याच्या डब्याच्या सँडविचला मी रोज दोन स्लाइस भाजत होते, तर त्याने कागदावर लिहिलं: “डब्यातला टोस्ट चामट होतो, साधा ब्रेड दे.” बरोबरच आहे, गरम टोस्ट डब्यात बंद केला की त्याचीच वाफ त्याला मऊ करते. सासूबाई ब्रेड खातच नाहीत, चहाबरोबर रात्रीची पोळी खातात. हे दोन, मी दोन, दीर तीन, सासरे दोन.

म्हणजे भाजायचे एकूण ११. त्यातले सव्वासातच्या आत लागतात ते फक्त सहा. तीन घाणे, फार तर आठ-नऊ मिनिटं. बाकीचे पाच पावणेआठनंतर, तेव्हा काहीच घाई नसते.

वायरमनही येऊन गेला. काका, तुमचा अंदाज खरा निघाला. ओट्याजवळच्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे होते आणि अर्थिंगची तार भिंतीच्या आत कुठेतरी तुटलेली होती. टेस्टर लावून त्याने दाखवलं तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, “म्हणजे माझी एकटीची चूक नव्हती.” महिनाभर हे त्यांच्या मनात होतं आणि त्या बोलल्या नव्हत्या. नवी अर्थिंग ओढून घेतली, ईएलसीबीही बसवला.

आता शनिवारी महाराणी रोडला जाणार आहोत. दुकानात काय बघू?

जुना कारागीर, इंदूर

दोनचा घ्या ताई. सहा स्लाइससाठी चारचा घेऊन ओट्यावरची जागा अडवू नका. पुढे कधी कमी पडलाच तर दुसरा एक दोनचा घेऊन दुसऱ्या बोर्डावर लावता येईल. दोन असले की एक बिघडल्यावर घर अडत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुकानात जाताना घरचा ब्रेड बरोबर न्या. तुम्ही नेहमी आणता त्याच लादीतला एक मधला स्लाइस आणि एक टोकाचा लहान. मधला उभा घालून बघा, वर किती राहतो. सँडविच ब्रेडचा मोठा स्लाइस अर्धा बोट बाहेर राहिला तर वरची पट्टी कच्ची राहील. मग टोकाचा घाला आणि दुकानदाराला वीज लावायला सांगा, विजेशिवाय दांडा टिकणार नाही. टोस्ट वर आल्यावर तोच दांडा आणखी थोडा वर उचलता येतो का ते बघा. त्याला हाय लिफ्ट म्हणतात. तुमच्या सासऱ्यांसाठी मला ह्याच्यापुढे बाकी सगळं दुय्यम वाटतं. खाचेतल्या जाळ्या दोन्ही बाजूंनी येऊन स्लाइसला मधोमध धरतात का तेही बघा, नाहीतर एक बाजू करपते आणि दुसरी पांढरी राहते.

आयएसआयची खूण बघा. खुणेच्या वर आयएसचा नंबर असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, दुकानातच करा. बजाज, फिलिप्स, मॉर्फी रिचर्ड्स, प्रेस्टिज, सगळ्यांचे टोस्टर येतात. मी नाव सांगणार नाही. ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या घराजवळ आहे त्याला झुकतं माप द्या.

घरी आणल्यावर पहिल्यांदा रिकामाच, सगळ्यात वरच्या आकड्यावर एकदा चालवा. तारेवरचं कारखान्यातलं तेल जळतं, थोडा धूर आणि वास येतो. खिडकी उघडी ठेवा. जुन्या टोस्टरची वायर मात्र मुळापासून कापून मगच टाका, म्हणजे उचलून नेणारा तो कुठे लावणार नाही.

सुदामा नगरच्या काकू

आणि पावाच्या जाळीचं विसरू नकोस गं.

रामबागची सून, इंदूर

आणला! उशिरा लिहितेय, पण १५ दिवस वापरून मगच लिहायचं ठरवलं होतं.

बाबांना बरोबर घेऊन गेलो होतो. महाराणी रोडच्या गर्दीत त्यांना नेऊ नये असं ह्यांचं म्हणणं होतं, पण वापरणार ते, तर बघायलाही तेच हवेत. मी डब्यात चार स्लाइस नेले होते, दोन मधले, दोन टोकाचे. दुकानदार भला माणूस, म्हणाला, “भाभीजी, असं ब्रेड घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय,” आणि लगेच तीन टोस्टर खोक्यातून काढून वीज लावून दिली.

पहिला दिसायला सगळ्यात देखणा, चकचकीत स्टीलचा. टोकाचा स्लाइस आतच राहिला, नुसती कड दिसत होती. बाबांची बोटं आपोआप खाचेकडे गेली आणि मी आणि हे एकदम ओरडलो. तो तिथेच बाद. दुसऱ्याचा दांडा फार कडक होता, बाबांना दोन वेळा दाबावा लागला. तिसऱ्याचा दांडा रुंद, त्यावर अख्खा तळवा टेकवता येतो, बोटांच्या चिमटीने धरायची गरज नाही. टोस्ट वर आल्यावर बाबांनी तळव्यानेच दांडा आणखी वर सारला आणि तो लहान तुकडा दोन बोटं बाहेर आला. त्यांनी तो उचलला आणि तिथेच खाल्ला.

प्लॅस्टिकचा, ८०० वॅटचा, साध्या बोर्डावर चालतो. परवाना क्रमांक ॲपमध्ये बघितला, चालू होता. दोन हजाराच्या आत पडला, दोन वर्षांची वॉरंटी. पावाची जाळीही आहे, काकू. रविवारी पोह्यांनंतर दिरांनी त्यावर बन गरम केले. जाळीवर ठेवल्यावर आकडा १ च्या पुढे न्यायचा नाही हे दुसऱ्या बनला कळलं, पहिला खालून काळा झाला होता.

पहिला घाणा ३ वर, पुढचे दोन अडीचवर, असं आमचं बसलंय. सहा स्लाइसना आठ मिनिटं लागतात. त्यात मुलाचा डबा भरून होतो.

बाबांना २ वर हवा असतो. ते यायच्या आत आम्ही सगळे चकती फिरवून गेलेलो असतो आणि त्यांना चष्म्यातूनही बारीक आकडे दिसत नाहीत. पहिले दोन दिवस त्यांचा टोस्ट कडक झाला, कवळीला लागला, आणि ते कुणालाच काही बोलले नाहीत. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या मुलीचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि २ च्या समोर एक ठळक ठिपका दिला. त्या अजून टोस्टरला हात लावत नाहीत, पण ठिपका त्यांनीच दिला, पीन काढून, दोनदा खात्री करून.

जुन्याची वायर कापली आणि सकाळच्या कचरागाडीत ई-कचऱ्याच्या खणात दिला.

काका, ट्रे रोज रात्री काढते. पहिल्या रात्री वाटलं, नवा टोस्टर, एका दिवसात काय निघणार. पोह्याचा चमचा भरेल एवढा चुरा निघाला.